‘व्हर्जन गलोर’ : उन्हाने वाकलेली, तरी पैसे वसूल

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा यू-रॉयच्या या रेकॉर्डचा नाही, ज्याने ती मे महिन्यात अमळनेरला पाठवली त्याचा. पार्सल तीन दिवस कुठल्याशा पत्र्याच्या गोदामात पडून होतं. बाहेर पंचेचाळीस अंश, आत किती असेल देव जाणे. उघडलं तर रेकॉर्डची कड भाजलेल्या पापडासारखी वर आलेली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर म्हणे सील फोडलंय, परत घेता येणार नाही. आता सील न फोडता वाकडी आहे हे बघायचं कसं?

फोटो-फ्रेमवाल्याकडून दोन काचा आणल्या, मध्ये रेकॉर्ड ठेवली, वर बट्टीच्या पिठाचा भरला डबा, आणि आठ दिवस माजघरात. बरीच सपाट झाली. कडेचा बाक मात्र राहिला, म्हणून दोन्ही बाजूंच्या पहिल्या गाण्यात सुई होडीसारखी वर-खाली होते. आत जाईल तसं सुधारतं.

यू-रॉयचं खरं नाव युअर्ट बेकफर्ड, जन्म १९४२, जमैकातलं किंग्स्टन. तिकडे डीजे म्हणजे रेकॉर्ड लावणारा नव्हे. लावणारा तो सिलेक्टर. डीजे म्हणजे माइक धरून गाण्यावर बोलणारा. लग्नाच्या तारखा घेताना ‘डीजे किती बेसचा?’ एवढंच ऐकायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हे कळायला वेळ लागला.

माझा साउंडचा धंदा आप्पांपासूनचा. त्यांच्या काळी दोन भोंगे लिंबाला बांधायचे, एक अँप्लिफायर, एक बॅटरी, रेकॉर्डची पत्र्याची पेटी. गाणं रंगात आलं की आप्पा सुई उचलायचे, माइकवर ओरडायचे, ‘नवरदेव पारवर उना रे भो, उना!’ (आला रे, आला) आणि सुई बरोब्बर त्याच ओळीवर परत ठेवायचे. लोक गाण्यापेक्षा त्यांच्या हाताचं कौतुक करायचे.

यू-रॉय सुई उचलतच नाही. ‘वेअर यू टू द बॉल’ ऐका. मूळ गाणं पॅरागॉन्स नावाच्या गायकांच्या गटाचं, मऊ आणि संथ. गाणारा ओळ सोडतो, श्वास घेतो, तेवढ्या फटीत हा घुसतो. गाण्यातल्या बोलण्याला उत्तर देतो, मध्येच किंचाळतो, शब्दांच्या नुसत्या ठेक्यावर चालत राहतो, आणि गाणारा परत आला की गप्प. ही गप्प बसण्याची जागा मी दहा वेळा मागे नेऊन ऐकली. आमचे निवेदक नेमके इथेच मार खातात. मुखडा आला की त्यांना पाहुण्यांची नावं आठवतात.

ही फट आली कुठून, त्यात धंद्यातल्या माणसाला खरी मजा आहे. किंग टबी नावाचा एक माणूस रेडिओ दुरुस्त करायचा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा, स्वतःचे अँप्लिफायर बांधायचा. शिवाय ड्यूक रीड या निर्मात्यासाठी रेकॉर्ड कापायचा, म्हणजे गाणं कोऱ्या तबकडीवर कोरायचा. हा ड्यूक रीड आधी पोलीस. पुढे त्याचं दारूचं दुकान आणि दुकानाच्या वर स्टुडिओ. १९६८ च्या सुमाराला गाण्यातला गायकाचा आवाज काढून नुसतं संगीत ठेवायची टूम निघाली. टबीने आपल्या सेटवर, म्हणजे नाचाला लावायच्या साउंडवर, तेच लावलं, आवाज मध्येच येऊ द्यायचा, मध्येच काढायचा, वर एको. समोर माइक यू-रॉयच्या हातात. पॅरागॉन्सच्या जॉन होल्टने आपलंच गाणं असं ऐकलं. आपल्याकडे भांडण झालं असतं. त्याने उलट ड्यूक रीडला सांगितलं, या माणसाला बोलव. १९७० साली यू-रॉयची तीन गाणी एकाच वेळी जमैकात सगळ्यात वर होती. तोवर माइकवर बोलणं बहुतेक नाचाच्या अंगणापुरतंच होतं. काउंट मचुकी, किंग स्टिट हे त्याच्या आधीचे, पण खपाच्या रेकॉर्डवर बोलणाऱ्याला गायकाच्या बरोबरीने बसवलं ते यानेच.

माझा भाचा अहिराणीत रॅप करतो. ‘मामा, रॅप अमेरिकेचं,’ म्हणाला. त्याला सांगितलं, १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बहिणीच्या पार्टीला ज्याने बॉक्स लावले तो कूल हर्क मूळचा किंग्स्टनचा. भारी बॉक्स आणि त्यावर बोलणं तो घरूनच घेऊन गेला होता. भाच्याला पटलं की नाही माहीत नाही, पण हल्ली तो दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतो.

उणं काय? बोली जमैकन, निम्मे शब्द माझ्या डोक्यावरून गेले. ऑर्गन कुठे कुठे पत्रा वाजवल्यासारखा. आणि गाणी आखूड, रंग चढतोय म्हणेपर्यंत संपतात. मोठ्या बेसवर नाचायला ही रेकॉर्ड घेऊ नका. मी अठरा इंची स्पीकरवर लावून बघितली, बोलणं पार गाडलं गेलं. घरातल्या आठ इंचीवर, मधला आवाज जरा वर करून, प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो. आप्पांच्या जुन्या भोंग्यावर तर बेस जवळजवळ गायब, पण माणूस अंगणात उभा असल्यासारखा.

भोंग्यावर लावली तेव्हा आप्पा ओट्यावर होते. अर्धं गाणं ऐकून विचारलं, ‘कोन्हं लगीन शे हाई?’

पुढे यू-रॉयने स्टर-गाव नावाचा स्वतःचा सेट काढला. त्यावर रँकिंग जो, जोसी वेल्स, चार्ली चॅप्लिन (हो, हेच नाव घेतलं होतं त्या डीजेने) अशी पोरं तयार झाली. २००७ ला सरकारी सन्मान मिळाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये तो गेला.

मला दोन हजार नऊशेला पडली. घ्यायचीच असेल तर दिवाळीनंतर मागवा. आणि कड वाकडी निघालीच तर सुईच्या डोक्यावर जुनं चार आण्याचं नाणं चिकटवा. आप्पांचा उपाय आहे, नव्या रेकॉर्डला थोडं घासतो, पण पहिलं गाणं उडी न मारता वाजतं.