खारफुटीच्या अभ्यासासाठी ई-हॉफ पॅकेज: वापरून बघाच

गोव्यातल्या मांडवी नदीकाठच्या खारफुटीवर प्रबंध करणाऱ्या प्रत्येकाला मी ‘आर’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधलं ई-हॉफ हे मोफत पॅकेज सुचवते. क्षारतेसारख्या एखाद्या घटकानुसार प्रजातीचं प्रमाण कसं बदलतं, त्याचा वक्र ते बसवतं. आपल्याकडे सवयीने सगळ्याच प्रजातींना घंटेसारखा वक्र बसवतात, मधोमध शिखर आणि दोन्हीकडे सारखा उतार. नदीकाठी चित्र वेगळंच असतं.

एप्रिल-मेमध्ये रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवून उजेडाकडे धरा. निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमा जिथे येते ती क्षारता. मुखाशी ती समुद्राच्या, म्हणजे हजारी ३५ च्या आसपास असते, नदीच्या वरच्या अंगाला वळवई गावाच्या दिशेने उतरत जाते. लाल पाकळ्यांची चिप्पी, म्हणजे सोनरेशिया कॅसिओलॅरिस, वरच्या कमी खाऱ्या पाण्यात दाट असते आणि मुखाकडे येता येता दिसेनाशी होते. तिला मधोमध शिखर कुठून आणायचं?

ह्युइसमन, ओल्फ आणि फ्रेस्को यांनी १९९३ साली पाच आकार मांडले: सपाट रेषा, सलग चढ किंवा उतार, चढून पठारावर थांबणारा वक्र, सममित शिखर आणि एका बाजूला कललेलं शिखर. यान्सेन आणि ओक्सानेन यांनी २०१३ मध्ये त्यात दोन शिखरांचे आणखी दोन आकार घातले. ई-हॉफ हे सातही आकार बसवून बघतं. कुठला वक्र घ्यायचा ते एआयसीसी या निकषावर ठरतं; गुंतागुंत वाढली की तो दंड लावतो, त्यामुळे उगाच वळणदार वक्र निवडला जात नाही. मग बूटस्ट्रॅपने नोंदी पुन्हा पुन्हा उचलून निवड टिकते का तेही तपासलं जातं. नोंदी थोड्या असतील तर ही तपासणी मुळीच टाळू नका. माझ्या चिप्पीला सलग उतार मिळाला, आणि मला तो पटला.

वापरताना ‘एम’ची, म्हणजे नोंदीच्या कमाल शक्य आकड्याची, किंमत स्वतः द्या: आहे-नाहीच्या नोंदींना १, टक्केवारीला १००. नाहीतर तुमच्या नोंदींतला सर्वांत मोठा आकडाच कमाल धरला जातो.

उणीव एकच, पण मोठी. एका वेळी एकच घटक घेता येतो. क्षारतेसोबत गाळाचा पोतही हवा असेल तर सायमन वुड यांचं एमजीसीव्ही हे ‘आर’मधलंच दुसरं पॅकेज घ्या. आणि पावसाळ्यात मांडवीचं वरचं पाणी जवळपास गोडं होतं, म्हणून क्षारता कुठल्या महिन्यांची घेतली ते प्रबंधात स्पष्ट लिहा. खाजनातली, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतली झाडं तर वेगळीच मांडा, तिथलं पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या, दारांवर ठरतं.