बामणोलीची गळाची सफर आणि वनरक्षकांची भेट

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गळाने मासे धरू इच्छिणाऱ्यांना बामणोलीहून होडी आणि नावाडी पुरवणारी एक घरगुती सेवा मी गेल्या माघात दोन मित्रांसह घेतली. तिच्याविषयी लिहावेसे वाटते ते मिळालेल्या माशांमुळे नव्हे, तर भर पाण्यात झालेल्या वनरक्षकांच्या भेटीमुळे.

आदल्या वर्षी दुसऱ्याच एका नावाड्याने आम्हांला कसलाही कागद न करता थेट पलीकडच्या काठाला उतरवले होते. तो काठ कोयना अभयारण्याचा. १९८५ पासून संरक्षित आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे तिथे परवानगीवाचून पाऊल ठेवता येत नाही, हे आम्हांला कळले तेव्हा आमचे गळ आणि रीळ जप्त झालेले होते. जबाब लिहून देता देता संध्याकाळ झाली आणि नावाडी मात्र ‘पाहुण्यांनीच सांगितलं’ म्हणून हात झटकून मोकळा झाला. पाण्यावर हद्दीची रेघ ओढलेली नसते, ती नावाड्यालाच ठाऊक असावी लागते.

या खेपेच्या नावाडीकाकांनी आदल्या रात्रीच फोन करून आमची ओळखपत्रे मागवून घेतली. धरणातल्या मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, त्यामुळे गळ टाकायचा तरी संस्थेची संमती हवी, हे त्यांनी समजावून सांगितले आणि सकाळी होडीत बसण्यापूर्वी पावती माझ्या हातात दिली. गांडुळे व कणकेचे गोळे त्यांनीच आणले होते.

दहाच्या सुमारास वनविभागाची बोट शेजारी येऊन थांबली. मागील अनुभवामुळे माझ्या छातीत धस्स झाले, पण काका शांतपणे म्हणाले, “साहेब, डोंगराच्या नाकाच्या अलीकडंच हाय आम्ही.” वनरक्षकांनी पावती वाचली, टोपलीतल्या चिलापी पाहिल्या, जाळे किंवा सुरुंगाचे काही सामान नाही ना याची खात्री करून घेतली आणि मग अगदी घरच्यासारखे बोलू लागले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पलीकडे उघडी जमीन दिसू लागते, लोक ती मोकळी समजून तिथे चूल मांडतात, म्हणून आम्हांला फिरावे लागते, असे त्यांनी सांगितले. गळाला खडशी (महसीर मासा) लागली तर सोडून द्या, ती आता कमी झाली आहे, ही त्यांची विनंती मला मनापासून पटली. सारी तपासणी दहा मिनिटांत आटोपली. कागद जागेवर असले की वनरक्षकाचा धाक राहत नाही, उलट या जंगलाची काळजी वाहणारा माणूस भेटल्याचे समाधान मिळते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. भाड्याने दिलेल्या दोन रॉडपैकी एकाचे रीळ अडकत होते आणि तंगूस (गळाची दोरी) जुना असल्याने मोठा मासा तोडून गेला. लाईफ जॅकेट तिघांत दोनच होती. ही चूक रॉडपेक्षा फार गंभीर आहे आणि काकांना मी तसे स्पष्ट सांगितले. आपला रॉड आपणच न्यावा, आणि होडीत पाय ठेवण्याआधी जॅकेट मोजून घ्यावीत. पावतीवर तारीख व होडीचा क्रमांक लिहिला आहे ना, तेही पाहावे. वनरक्षकांनी आमच्या पावतीवर सर्वांत आधी तेच पाहिले.