कच्च्या तेलातील वायूचा बुडबुडा: सिम्युलेशनसाठी कोणती पद्धत निवडावी?

थकलेल्या तेलक्षेत्रात कार्बन डायऑक्साइड सोडून उरलेले तेल बाहेर काढायचे ठरले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो किमान मिश्रणीयता दाबाचा, म्हणजेच एमएमपीचा. या दाबाच्या वर वायू आणि तेल वारंवार संपर्कात येत एकमेकांत पूर्ण मिसळतात आणि त्यांच्यामधला पृष्ठताण नाहीसा होतो. त्याच्या खाली बरेचसे तेल खडकाच्या छिद्रांत अडकून राहते. कॅनडातील वेबर्न क्षेत्रात २००० सालापासून असा वायू सोडला जात आहे आणि आपल्याकडे गुजरातमधील गंधार क्षेत्रासाठी ओएनजीसी व इंडियन ऑइल यांनी २०१९ मध्ये सामंजस्य करार केला. म्हणून हा विषय आता केवळ परदेशी प्रयोगशाळांपुरता राहिलेला नाही.

ख्रिश्चनसेन आणि हेन्स यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या प्रयोगात दाबाखालच्या तेलाने भरलेल्या चपट्या काचनळीत तळातून वायूचा बुडबुडा सोडतात आणि तो वर चढताना कसा बदलतो, याचे निरीक्षण करतात. दाब कमी असेल तर बुडबुडा लहान होत गेला तरी आपला आकार बऱ्यापैकी राखतो. एमएमपीच्या आसपास मात्र त्याच्या खालच्या बाजूला शेपटी फुटते आणि तिथली सीमा विरघळू लागते. हीच घटना संगणकावर उभी करू पाहणारे बहुतेक जण व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड पद्धतीकडे वळतात, म्हणजे जाळीच्या प्रत्येक घरात वायू किती आणि तेल किती याचा हिशेब ठेवून सीमा शोधणाऱ्या पद्धतीकडे, कारण ती ओपनफोम या प्रवाह-गणनेच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये विनामूल्य मिळते आणि तिच्यावरचे शिक्षणसाहित्यही मुबलक आहे. बुडबुड्याचा वेग आणि आकार ती चांगला दाखवते. परंतु तिथला इंटरफोम हा सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारा प्रोग्राम, एकमेकांत न मिसळणाऱ्या, असंपीड्य (दाबाने आकारमान न बदलणाऱ्या) प्रवाहींसाठी लिहिलेला आहे. पृष्ठताण आपण बाहेरून एक स्थिर आकडा म्हणून द्यायचा असतो. जो ताण शून्याकडे जाताना पाहायचा आहे तोच आधी ठरवून टाकला, तर उत्तर काय निघणार? घटकांच्या रचनेनुसार ताण बदलणारे आणि वस्तुमानाची देवाणघेवाण मोजणारे समीकरण स्वतः जोडता येते, तरीही सीमेजवळ गणनेतील त्रुटींमुळे उद्भवणारे खोटे प्रवाह त्रास देतातच. एमएमपीच्या बरेच खाली, जिथे दोन अवस्था ठळकपणे वेगळ्या असतात, तिथे मी ही पद्धत निःशंकपणे वापरेन. त्याच्या जवळ जाताना नाही.

फेज-फील्ड पद्धतीत सीमा ही रेषा नसून जाडी असलेला पट्टा असतो आणि त्याची ऊर्जा समीकरणातच असते. त्यामुळे सीमेचे विरघळणे वेगळे लादावे लागत नाही, आणि पेंग-रॉबिन्सनसारखे अवस्था समीकरण (दाब, तापमान आणि आकारमान यांचे नाते सांगणारे) तिच्याशी जोडले तर पृष्ठताण गणितातूनच बाहेर येतो. याची किंमतही मोठी आहे. खरी सीमा काही नॅनोमीटरची आणि बुडबुडा मिलिमीटरचा, म्हणून जाळीत मावावी यासाठी ती कृत्रिमरीत्या जाड करावी लागते, आणि या जाडीमुळे लहान बुडबुडे आपोआप आकसू शकतात. ते आकसणे खऱ्या विरघळण्यापासून वेगळे ओळखण्यासाठी जाडी बदलून गणना पुन्हा करणे अपरिहार्य आहे.

एकेका रेणूची हालचाल मोजणाऱ्या मॉलिक्युलर डायनॅमिक्सला या स्पर्धेत धरणेच मला योग्य वाटत नाही. काही नॅनोमीटरच्या पेटीत बुडबुडा वर चढत नाही, आणि कच्च्या तेलाच्या जागी बहुधा डेकेनसारखे एखादे साधे हायड्रोकार्बन घेतले जाते. विसरणाचा (डिफ्यूजनचा) दर किंवा पृष्ठताण मिळवून वरच्या पद्धतींना पुरवणे, हे तिचे खरे काम.

ज्याला बुडबुड्याचे चित्र नको, फक्त दाबाचा आकडा हवा आहे, त्याने मिक्सिंग सेल पद्धत घ्यावी. आभासी कप्प्यांत वायू आणि तेल पुन्हा पुन्हा एकत्र आणून समतोल काढत जायचे. ज्या दाबाला समतोलातील दोन्ही अवस्थांच्या रचनेतले अंतर शून्य होते तो एमएमपी. प्रवाहाचे गणित नसल्याने साध्या लॅपटॉपवर ती चालते. शिवाय तिचा आणखी मोठा फायदा असा, की बुडबुड्याच्या प्रयोगातील मूलभूत उणीव तिच्यात नाही. वर चढणाऱ्या बुडबुड्याला सतत ताजे तेल भेटते, म्हणून तेलातील मध्यम वजनाचे घटक वायूत जाऊन होणारे मिश्रण तो नीट टिपतो. वायूतील जड घटक तेलात उतरून होणारे मिश्रण मात्र त्याला बरोबर दाखवता येत नाही. अशा जड घटकांनी समृद्ध हायड्रोकार्बन वायू सोडायचा असेल, तर बुडबुड्याचे कितीही सुंदर सिम्युलेशन केले तरी आकडा दिशाभूल करू शकतो.

तेव्हा क्षेत्राचा निर्णय घेणाऱ्या अभियंत्याने मिक्सिंग सेल वापरून स्लिम ट्यूब चाचणीशी, म्हणजे वाळूने भरलेल्या लांब बारीक नळीतून वायूने तेल ढकलून एमएमपी मोजणाऱ्या प्रयोगाशी, ताडून पाहावे, आणि सीमेवर नेमके काय घडते हे शोधणाऱ्या संशोधकाने फेज-फील्डचा खर्च सोसावा. दोघांनीही पद्धत निवडण्याआधी तेलाच्या वर्णनावर वेळ घालवावा, कारण सात व त्याहून अधिक कार्बनांचे सारे घटक एका गटात कोंबले आणि अवस्था समीकरण त्या तेलाच्या पीव्हीटी (दाब, आकारमान, तापमान) मोजमापांशी जुळवून घेतले नाही, तर होणारी चूक कोणत्याही बारीक जाळीने भरून निघत नाही. अस्फाल्टीन हे जड, डांबरासारखे घटक असलेल्या तेलात कार्बन डायऑक्साइडमुळे साका बसू शकतो. त्याचे प्रारूप यांपैकी कोणत्याही पद्धतीत आपोआप येत नाही, ते वेगळे जोडावे लागते.