तापमान सेन्सरच्या ड्रायव्हरमधली सेटिंग ठेवायची कुठे? डिव्हाइस ट्री, के-कॉन्फिग, सिसएफएस की सेन्सरचीच मेमरी

महापे, रबाळे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या कंपनीत तापमानाचा लॉगर (तापमान मोजून नोंदवणारं यंत्र) बनतो, तेव्हा पहिली आवृत्ती सोपी असते: सेन्सर वाचा, आकडा दाखवा. मग गिऱ्हाइकं येतात. तुर्भ्याच्या एपीएमसीजवळ केळी पिकवणाऱ्याला तापमान १३ अंशांखाली गेलं की लगेच कळायला हवं, कारण त्याखाली केळ्याची साल काळवंडते. लशी सांभाळणाऱ्या वितरकाला २ ते ८ अंशांची पट्टी सोडून चालत नाही. फ्रोझन माल ठेवणाऱ्याला उणे १८ हवं. बोर्ड एकच, सेन्सर एकच, ड्रायव्हर (सेन्सरशी बोलणारा कोड) एकच, फक्त आकडे वेगळे. हे आकडे ड्रायव्हरमध्ये कुठून यावेत यावर टीममध्ये वाद सुरू होतो, आणि बहुतेक वेळा जो पहिला कोड लिहितो त्याचीच सोय कायम होऊन बसते.

या वादात मी एकच प्रश्न विचारतो: हा आकडा कोणाला माहीत असतो, आणि केव्हा? बोर्ड आखणाऱ्याला, फर्मवेअर बिल्ड करणाऱ्याला, की कोल्ड स्टोरेजच्या दारात उभ्या असलेल्या टेक्निशियनला? खालची सगळी तुलना याच प्रश्नावर उभी आहे. आधी लिनक्सवर चालणाऱ्या गेटवेबद्दल (सेन्सरांचे आकडे गोळा करणाऱ्या बोर्डबद्दल) बोलू, बॅटरीवरच्या लॉगरकडे शेवटी येऊ.

डिव्हाइस ट्रीपासून, म्हणजे बोर्डवर काय कुठे जोडलं आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीपासून, सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरवापर तिचाच होतो. सेन्सर कुठल्या बसवर (चिपांच्या सामायिक तारांवर) आहे, कुठल्या पत्त्यावर आहे, अलर्टची तार कुठल्या जीपीआयओला (प्रोसेसरच्या पिनेला) जोडली आहे, वीज कुठल्या रेग्युलेटरकडून येते, ही माहिती तिथेच शोभते. टीएमपी १०२ या तापमान सेन्सरचंच बघा. त्याची पत्त्याची पिन ग्राउंड, व्ही-प्लस (वीज), एसडीए किंवा एससीएल (बसच्या दोन तारा) यांपैकी कशाला जोडली यावरून त्याचा पत्ता हेक्स ४८ ते ४बी यांपैकी एक ठरतो. ही गोष्ट पीसीबीवर कोरलेली आहे, साइटवर कोणी बदलू शकत नाही. ती सोर्समध्ये हार्डकोड केली, तर पुढच्या बोर्डवर दोन सेन्सर आले की ड्रायव्हर पुन्हा उघडावा लागतो.

पण ‘कमाल तापमान ८ अंश’ हे डिव्हाइस ट्रीत लिहिण्याचा मोह टाळा. तो आकडा हार्डवेअरचा नाही, गिऱ्हाइकाच्या मालाचा आहे. लिनक्स कर्नलचे मेंटेनर याबाबत ठाम असतात: डिव्हाइस ट्री हार्डवेअरचं वर्णन करते, ते कसं वापरायचं याचं धोरण तिथे नको. हा नुसता सोवळेपणा नाही. एकदा प्रॉपर्टी बाइंडिंगमध्ये (डिव्हाइस ट्रीत काय लिहायचं याच्या ठरलेल्या नियमांत) आली की जुनी डीटीबी (डिव्हाइस ट्रीची बिल्ड झालेली फाइल) नव्या कर्नलवर चालत राहील याची जबाबदारी येते, म्हणजे ती प्रॉपर्टी वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. शिवाय व्यवहारात, केळीवाल्याच्या गाळ्यातला लॉगर उद्या भाजीच्या गाळ्यात गेला, तर एका आकड्यासाठी नवी डीटीबी चढवून बोर्ड रीबूट करणार का?

के-कॉन्फिगबद्दल, म्हणजे बिल्ड करताना काय आत घ्यायचं ते निवडण्याच्या सोयीबद्दल, फार लिहिण्यासारखं नाही. ते बिल्डच्या वेळचं आहे आणि त्या बायनरीतल्या सगळ्या सेन्सरांना एकसारखं लागू होतं. ड्रायव्हर घ्यायचा की नाही, अलर्टचा कोड आत हवा की नको, एवढंच तिथे ठेवा. अंशांतला कुठलाही आकडा तिथे दिसला तर रिव्ह्यूमध्ये थांबवा.

मॉड्यूल पॅरामीटर (ड्रायव्हर लोड करताना द्यायची किंमत) मोहक असतो, कारण एका ओळीत काम होतं. पण तोही सगळ्या सेन्सरांना एकत्र लागतो. एकाच आय-टू-सी बसवर फ्रीजरचा आणि बाहेरच्या पॅसेजचा असे दोन सेन्सर असतील, तर दोघांना एकच मर्यादा देऊन काय उपयोग? नव्या ड्रायव्हरसाठी हा पर्याय मी सोडून देईन.

खरी निवड सिसएफएस (चालू कर्नलमधल्या किमती फाइलींसारख्या वाचू-लिहू देणारी सोय) आणि सेन्सरची स्वतःची मेमरी यांच्यात आहे.

सिसएफएसमध्ये तापमान सेन्सरांसाठी एचडब्ल्यूमॉनची (कर्नलमधल्या हार्डवेअर मॉनिटरिंगच्या व्यवस्थेची) घडी आधीच बसलेली आहे: टेम्प१_इनपुट वाचायला, टेम्प१_मॅक्स आणि टेम्प१_मॅक्स_हिस्ट मर्यादांना, अपडेट_इंटरव्हल मोजणीच्या वेगाला. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात आणि वेळ मिलिसेकंदांत, म्हणजे ८ अंशांसाठी ८००० लिहायचं आणि उणे १८ साठी उणे १८०००. ड्रायव्हरच्या बाजूने कामही थोडं आहे. कोणती फाइल दिसावी, वाचताना काय करावं, लिहिताना काय करावं, अशी तीन फंक्शनं द्या आणि चिपच्या क्षमतांचा तक्ता भरा. फाइली कर्नल बनवतो. स्वतःच्या मनाने नवं नाव काढू नका. ठरलेली नावं वापरलीत तर ‘सेन्सर्स’ ही कमांड आणि तिच्यासारखी इतर साधनं काहीही न शिकवता चालतात.

यातली खरी अडचण वीज गेल्यावर दिसते. एलएम ७५ (असाच आणखी एक सेन्सर) आणि टीएमपी १०२ यांची रजिस्टरं (चिपमधल्या सेटिंगच्या जागा) वीज गेली की पुसली जातात आणि परत आल्यावर वरची मर्यादा ८० अंश, हिस्टेरेसिस (जिथे अलर्ट पुन्हा बंद होतो तो आकडा) ७५ अंश अशी मूळ किमतीवर बसते. कोल्ड रूमसाठी याचा अर्थ काय होतो ते पाहा. पावसाळ्यात रात्री वीज गेली आणि आली, बोर्ड चालू झाला, आकडे व्यवस्थित दिसू लागले, आणि अलर्ट मात्र ८० अंशांची वाट बघत बसला. आतली लस वाया गेली तरी तार हलणार नाही. म्हणून सिसएफएस निवडताना बूटच्या वेळी मर्यादा परत लिहिणारी सोय त्याच दिवशी करा. ‘सेन्सर्स’ कमांड ज्यात येते त्या एलएम-सेन्सर्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सेट’ची ओळ आणि बूटला ‘सेन्सर्स -एस’ हा सरळ रस्ता आहे. एचडब्ल्यूमॉन०, एचडब्ल्यूमॉन१ हे क्रमांक मात्र कुठल्याही स्क्रिप्टमध्ये पक्के धरू नका, पुढच्या बूटला ते बदलू शकतात. चिपचं नाव, बस आणि पत्ता यांवरून सेन्सर ओळखा.

आता सेन्सरची मेमरी. डीएस १८बी२० या सेन्सरमध्ये वरची-खालची मर्यादा आणि रेझोल्यूशन ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवता येतं. टीएमपी ११७ मध्ये तर मर्यादा, मोजणीची पद्धत आणि कॅलिब्रेशनचा ऑफसेट (त्या नगाची मोजणीतली चूक भरून काढणारा आकडा), सगळंच चिपमध्ये राहू शकतं. वीज आल्याबरोबर, प्रोसेसर अजून उठायचा असतानाच, सेन्सर योग्य मर्यादेवर पहारा सुरू करतो. लशींच्या साठ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि तिथे मी टीएमपी ११७ चे जास्तीचे पैसे खुशाल द्यायला सांगेन. लसीच्या ८ अंशांच्या सीमेवर त्याची ±०.१ अंशाची अचूकताही उपयोगी पडते.

पण तोटा नीट समजून घ्या. प्रोब बिघडला, टेक्निशियनने खिशातला दुसरा लावला, की मर्यादा जुन्या प्रोबबरोबर गेली. शिवाय ईईप्रॉम मोजक्याच वेळा लिहिता येतं, म्हणून दर बूटला त्यात लिहिणारा ड्रायव्हर बनवू नका. लिनक्सचा डीएस १८बी२० सारख्या सेन्सरांसाठीचा डब्ल्यू१-थर्म ड्रायव्हर इथे चांगला धडा देतो. रेझोल्यूशन बदलणं ही एक कृती आणि ते ईईप्रॉममध्ये कायम करणं ही वेगळी, मुद्दाम द्यायची आज्ञा. तुमच्या ड्रायव्हरमध्येही या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवा.

ऑफसेट मात्र सेन्सरच्याच मेमरीत ठेवावा असं माझं पक्कं मत आहे, कारण तो त्या एका नगाचा दोष आहे, जागेचा नाही. डीएस १८बी२० मध्ये ऑफसेटचं रजिस्टर नाही. तिथे प्रत्येक नगाचा ६४ बिटांचा क्रमांक वापरून फाइलमध्ये जोडी लावावी लागते.

एक सेटिंग अशी आहे की तिच्यावर लोक नको इतका भरवसा ठेवतात: फॉल्ट क्यू. सलग १, २, ४ किंवा ६ मोजण्या मर्यादेबाहेर गेल्या तरच अलर्ट द्यायचा. ‘हमाल दार उघडतात तेव्हा खोटा अलार्म येतो, क्यू ६ करा’ ही मागणी नेहमी येते. गणित करून बघा. टीएमपी १०२ सेकंदाला ४ मोजण्या करत असेल तर ६ मोजण्या दीड सेकंदात संपतात. सगळ्यात संथ वेगावर, म्हणजे चार सेकंदांना एक मोजणी धरली, तरी २४ सेकंदच मिळतात. ट्रकमधून पेट्या उतरवताना दार कित्येक मिनिटं उघडं असतं. क्यू विजेच्या गोंधळातून येणारा एखादा चुकीचा आकडा गाळण्यासाठी आहे आणि तेवढ्यासाठी तो ड्रायव्हरमध्ये ठरावीक ठेवला तरी चालतो. दाराचा विलंब ॲप्लिकेशनमध्येच हाताळा.

बॅटरीवर चालणारा, झेफरवरचा (छोट्या चिपांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा) लॉगर असेल, समजा न्हावा-शेव्याला जाणाऱ्या रीफर (शीत) कंटेनरसाठी, तर तुलना थोडी बदलते. झेफरमध्ये डिव्हाइस ट्री बिल्डच्या वेळीच वाचली जाते आणि तिचे सी मॅक्रो (कोडमध्येच पक्क्या होणाऱ्या किमती) होतात, त्यामुळे ती बदलली तरी पुन्हा बिल्ड आलंच. तिथे हार्डवेअरबरोबर सुरुवातीचं कॉन्फिगरेशनही डिव्हाइस ट्रीत ठेवण्याची रीत आहे. मोजणीचा सुरुवातीचा वेग तिथे लिहायला मला हरकत वाटत नाही, आणि के-कॉन्फिगपेक्षा तो तिथेच बरा, कारण प्रत्येक सेन्सरला वेगळा देता येतो. मर्यादा मात्र चालू असताना ‘सेन्सर_ॲट्र_सेट’ या फंक्शनने द्या आणि सेटिंग्ज सबसिस्टिममार्फत फ्लॅशमध्ये साठवा. उणे १८.५ देताना पूर्णांकाचा आणि दशलक्षांशाचा, दोन्ही भाग उणे हवेत, हे चाचणीत आवर्जून तपासा. बॅटरीसाठी सततच्या मोजणीपेक्षा टीएमपी १०२ चा वन-शॉट मोड (सांगितलं की एकच मोजणी करण्याची पद्धत) घ्या. एक मोजणी साधारण २६ मिलिसेकंदांत होते आणि उरलेला वेळ चिप झोपलेली राहते. पण झोपलेला सेन्सर दोन मोजण्यांच्या मध्ये पहारा देत नाही, म्हणून अलर्टच्या तारेवर अवलंबून असाल तर हा मोड तुमच्यासाठी नाही.

लिनक्सच्या गेटवेवर आजच निर्णय घ्यायचा असेल तर पत्ता, तारा आणि वीज डिव्हाइस ट्रीत, मर्यादा आणि वेग एचडब्ल्यूमॉनच्या फाइलींत, ऑफसेट शक्य तिथे चिपमध्ये, आणि लशींसाठी मर्यादाही चिपमध्ये, असं मी करेन. सोबत एक सवय टीमला लावा: मर्यादा लिहिली की तीच फाइल परत वाचायची. एलएम ७५ अर्ध्या अंशाच्या पायरीनेच मर्यादा धरतो, आणि हद्दीबाहेरचा आकडा आला तर एचडब्ल्यूमॉनचे ड्रायव्हर त्रुटी न देता तो जवळच्या शक्य आकड्यावर आणतात, तशीच तिथली रीत आहे. ८००० ऐवजी ८ लिहिलं गेलं, तर मर्यादा गुपचूप शून्यावर बसेल आणि हे कळेल ते फक्त परत वाचल्यावर.