‘आधी रुळू द्या, मग व्हेटकडे न्या’ : बॉल पायथन घेताना झालेली फसवणूक

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा बिनविषारी अजगर, पाळायला कायद्याची आडकाठी नाही. लेकीने खूप वाचून, सगळी तयारी करून तो मागितला, म्हणून सरीसृपांच्या एका प्रदर्शनातून घेतला. विक्रेता अगदी गोड बोलला. पिल्लू माझ्याच घरी अंड्यातून निघालंय, गोठवलेले उंदीर वितळवून दिले की नेमाने खातं, आणि महिनाभर तरी त्याला व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, नेऊ नका, प्रवासाच्या ताणाने दगावेल. पावतीवर आरोग्याची हमीही छापलेली होती. मुदत ७ दिवस, आणि सोबत व्हेटचा लेखी अहवाल हवा.

तोंडी सल्ला महिनाभर थांबण्याचा आणि हमी सात दिवसांची. हा योगायोग नव्हता.

असा सल्ला पटतो, कारण तो अर्धा खरा असतो. नवा साप आणल्यावर ५ ते ७ दिवस त्याला हाताळायचं नाही, खायला द्यायचं नाही, हे बरोबरच आहे. बॉल पायथन तर नव्या जागी कित्येक आठवडे काही न खाता ठणठणीत राहू शकतो. पण नुसतं न खाणं वेगळं आणि आजारी असणं वेगळं. आमचा साप सारखा पाण्याच्या भांड्यात बसायचा. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, त्यांना पाणी आवडतं. भांड्याच्या तळाशी मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसत होते. ते माइट्स होते, सापाचं रक्त पिणारे बारीक कीटकासारखे परजीवी. पुढे श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तोंडाशी लाळेचे बुडबुडे दिसू लागले. त्यावर उत्तर आलं, कात टाकायच्या आधी असं होतं.

कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, रंग फिका पडतो. तोंड उघडून श्वास घेणं, मान वर ताणून बसणं हा फुप्फुसांचा संसर्ग असू शकतो. सापाला आपल्यासारखं खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. अशा वेळी रुळण्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी व्हेटला फोन करायचा.

सरीसृपांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर बाईंनी खवल्यांखालून गोचीड काढले, जुने व्रण दाखवले. शी तपासली तर आतड्यात परजीवी निघाले. हे घरच्या पैदाशीचं लक्षण नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. घाना, टोगो, बेनिन या देशांतून रानातले आणि फार्मवर उबवलेले बॉल पायथन मोठ्या संख्येने बाहेर जातात. त्यांतलाच एक ‘घरचा’ म्हणून, घरच्या पैदाशीच्या किमतीला, आमच्या गळ्यात मारला होता. मग दर ७२ तासांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन. तो मुका जीव प्रत्येक सुईला आक्रसायचा आणि लेक रडायची. पैशांपेक्षा मला राग त्याचा येतो. विक्रेत्याने मुदत संपली म्हणून हात वर केले.

तुम्ही घेणार असाल तर सापाच्या आधी व्हेट शोधा, कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत. साप दिसायला निरोगी असला तरी पहिल्या तपासणीची वेळ हमीच्या मुदतीतलीच घ्या. जाताना ताजी शी बंद डबीत न्या, नायडोव्हायरसच्या (सापांच्या श्वसनाला त्रास देणाऱ्या विषाणूच्या) स्वॅब चाचणीबद्दल विचारा. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. खात नाही पण वजन टिकून आहे, तर धीर धरा. वजन उतरतंय, तर लगेच न्या. घरात दुसरा साप असेल तर नव्याला किमान ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा.

भारतातल्यांनी आणखी एक बघावं. नाग, धामण, आपला अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर नोंद लागते. कागद नंतर देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आणि कुठेही घेतलात तरी पैदास कुणाची, जन्म कधीचा, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, हे विक्रेत्याच्या सहीनिशी पावतीवरच लिहून घ्या.