बेड कोणाला, हे फोनवर ठरायचं: मुंबईच्या वॉर्ड वॉर रूमचं परीक्षण

जून २०२० मध्ये मुंबई महापालिकेने कोविडचं बेडवाटप एका हेल्पलाइनवरून हलवून चोवीसही वॉर्डांतल्या वॉर रूमकडे, म्हणजे साथीसाठीच्या नियंत्रण कक्षांकडे, सोपवलं. या सेवेला आम्ही पाचपैकी साडेतीन गुण देतो. बेड ओळखीवर किंवा डिपॉझिटवर न ठरता आजाराच्या तीव्रतेवर ठरावा, ही रीत तिने घालून दिली, आणि ती मोलाची आहे. पण नकाराचं कारण रुग्णाच्या हातात कागदावर पडत नसे. दीड गुण तिथेच गेला.

काम असं चाले: पॉझिटिव्ह अहवाल आधी पालिकेकडे, तिथून पत्त्याप्रमाणे वॉर्डाकडे. मग डॉक्टर फोन करून वय, मधुमेह, रक्तदाब, धाप आणि ऑक्सिमीटरचा आकडा विचारत. घरात वेगळी खोली आणि स्वतंत्र संडास असेल तर घरीच विलगीकरण, नाहीतर केंद्रात. गाडी अडायची पहिल्याच पायरीवर. चाचणीच्या फॉर्मवर आधारवरचा गावचा पत्ता लिहिला किंवा मोबाइलचा एक आकडा चुकला, की अहवाल भलतीकडे. ऑक्सिमीटरचंही तसंच. बोट गार असलं किंवा नेलपॉलिश असली तर आकडा चुकतो. बोट चोळून, हात स्थिर ठेवून, मिनिटभराने स्थिरावलेला आकडाच सांगावा.

अहवाल आधी पालिकेकडेच, या नियमाने तर रुग्णालाच आपला निकाल उशिरा कळू लागला. अहवाल रुग्णाला आणि नातेवाइकांनाही द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

मूळ दुखणं कायद्यात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि त्यातून १८९७ चा साथरोग कायदा झाला. कलम २ सरकारला अधिकार देतं, कलम ३ आदेश मोडणाऱ्याला शिक्षा, कलम ४ सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. बेड नाकारलेल्या माणसाने दाद कुठे मागायची, यावर त्यात एक ओळ नाही. दोन डॉक्टरांनी चोवीस तासांत फेरतपासणी करावी आणि कारण एसएमएसने कळवावं, एवढी सोय तरी पुढच्या साथीआधी व्हायलाच हवी.

बेड मिळाल्यावर बिल. मे २०२० च्या राज्य आदेशाने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के बेडना दर बांधून दिले: साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. जेवण, नर्सिंग, डॉक्टरांची भेट, नेहमीच्या रक्तचाचण्या यातच. पीपीई किट, सीटी स्कॅन आणि महागडी औषधं बाहेर, म्हणून फुगवटा तिथेच दिसायचा. समजा, एक नर्स एकच किट घालून एका पाळीत दहा रुग्ण बघायची. ते किट दहाही बिलांत पूर्ण लागलं, तर एकाच किटचे पैसे दहा वेळा वसूल झाले. बिलातली किटची संख्या दिवसांनी भागा, म्हणजे रोज किती किट लावले ते कळतं, मग वॉर्डात किती खाटा होत्या ते विचारा आणि हा हिशेब लेखी मागा.