टायोट्रोपियमची रोटाकॅप: अण्णांना मानवलेलं औषध

अण्णांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. आधी इप्राट्रोपियम हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध दिवसातून तीन-चारदा ओढावं लागे. आता रोज सकाळी टायोट्रोपियमची १८ मायक्रोग्रॅमची एकच रोटाकॅप, म्हणजे यंत्रातून ओढायची कॅप्सूल. मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे या औषधाचं मला फार अप्रूप. श्वासनलिकेतल्या मज्जातंतूच्या टोकातून निरोप पोचवणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं, स्नायूवरच्या एम३ ग्राहीला (असं रसायन ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं आणि नळी आवळते. त्याच टोकावर एम२ ग्राही असतात. अ‍ॅसिटिलकोलिन पुरेसं झालं की ते पुढचा स्राव रोखतात. इप्राट्रोपियम दोन्ही ग्राही अडवतं, म्हणजे हा लगामही सुटतो! टायोट्रोपियम एम२वरून लवकर निघतं, एम३ला मात्र तासन् तास धरून राहतं. म्हणून दिवसाला एक मात्रा पुरते.

अण्णा आता जिना चढताना मधल्या वळणावर थांबत नाहीत. तोंड कोरडं पडतं, हे खरं. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगाच. अचानक दम लागला तर हे कामाचं नाही, लगेच आराम देणारं साल्ब्युटामॉल जवळ हवंच. आणि कॅप्सूल गिळायची नसते, ती यंत्रात टाकून ओढायची, हे पाकिटावर मराठीत ठळक छापायला हवं.